भिंतीवरचा किल्ला

इराला वर्गात कुणीतरी ‘झूठी’ म्हणालं आणि तिथून सगळं सुरू झालं. एरवी मकरंद फडतरे हा भिंतीत खिळा ठोकायच्या आधी भिंतीची चौकशी करणारा माणूस. झाशीबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात तो ट्रान्सफॉर्मर तपासतो. खोलीएवढाले ट्रान्सफॉर्मर त्याच्या सहीशिवाय फाटकाबाहेर पडत नाहीत, आणि ही माहिती तो कुठल्याही गप्पांत, अगदी कुकरच्या शिट्टीबद्दल बोलणं चाललं असलं तरी, अलगद आणून ठेवू शकतो. अशा माणसाने पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या वर्गातल्या बुलेटिन बोर्डापायी स्वतःची शोभा करून घ्यावी, याला काय म्हणावं?

झालं ते असं. त्याची बायको मेघना प्रेम नगरातल्या एका शाळेत यूकेजीला शिकवते. इरा तिच्याच वर्गात आहे. घरी आई, वर्गात मॅम. आणि हा नियम आईपेक्षा लेकच जास्त कडक पाळते. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली, तेव्हा मेघनाने मुलांना विचारलं, तुमच्याकडे दिवाळीत काय काय असतं? कुणी म्हणालं फटाके, कुणी म्हणालं मौसी येते, एकाने नुसतंच ‘गुझिया’ म्हणून डोळे मिटून घेतले. इरा उभी राहिली आणि म्हणाली, “हमारे यहाँ क़िला बनता है। पापा बनाते हैं।”

“क़िला?” पहिल्या बाकावरचा कुशल म्हणाला. “क़िला तो बना-बनाया है, उधर पहाड़ी पर। दिवाली में कौन बनाता है? झूठी!”

सगळा वर्ग हसला. कुशलचं तरी काय चुकलं? झाशीच्या पोराला किल्ला म्हणजे सहलीला जाऊन आलूपुरी खायची जागा. तो कुणी घरी बनवतो, तोही दिवाळीत, हे त्याला पटावं तरी कसं?

आणि पंचाईत अशी की इराने स्वतःही किल्ला कधी पाहिला नव्हता. तिने फक्त बापाच्या तोंडून ऐकलं होतं. दर दिवाळीला मकरंद तिला मांडीवर घेऊन साताऱ्याच्या गोष्टी सांगायचा: कशी आम्ही नदीवरून माती आणायचो, कसा गल्लीत आमचाच किल्ला उंच असायचा, कसे त्यावर अळीव उगवायचे. झाशीला आल्यापासून मात्र तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, अंगण नाही, सामान मिळत नाही, म्हणून दर साली ‘पुढच्या वर्षी नक्की’ असं म्हणून तो विषय फराळात विरघळून जायचा.

त्या संध्याकाळी इरा जेवली नाही. मकरंदने मराठीत काय झालं ते विचारलं. तिने नेहमीप्रमाणे हिंदीत उत्तर दिलं. “आप बनाते हो ना, पापा? सच में?”

मकरंदने तिचं ताट पुढे ओढलं. तो म्हणाला, “बनवतो म्हणजे काय! या वर्षी तुझ्या वर्गातच बनवणार. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.”

“वर्गात कुठे?” मेघनाने स्वयंपाकघरातून विचारलं.

“तुझा तो दिवाळीचा बोर्ड करायचाय ना? त्यावर.”

मेघना बाहेर आली. तिचा बोर्ड ठरलेला होता. निळा कागद, प्रत्येक मुलाच्या हाताचा पिवळा ठसा, ती ज्योत; खाली कागदाची पणती, पणतीवर मुलाचं नाव. सोपं, स्वच्छ आणि दीड तासात होणारं.

“हातांचे ठसे सगळेच करतात,” मकरंद म्हणाला.

“मकरंद, बोर्ड भिंतीवर असतो. उभा.”

“मेघना, मी इंजिनिअर आहे.”

यावर मेघना काही बोलली नाही. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर कुठल्या वाक्यानंतर गप्प बसावं हे माणसाला कळतं.

आता बोर्ड म्हटला की शाळा आली आणि शाळा म्हटली की परिपत्रक आलं. शनिवारी, सुट्टी लागायच्या दिवशी, पालकसभा होती आणि तोवर सगळ्या वर्गांचे बोर्ड तयार हवे होते. परिपत्रकात थर्माकोलला मनाई होती, चमकीला मनाई होती, टाचण्यांना मनाई होती, फटाक्यांच्या चित्रांनाही मनाई होती. मातीबद्दल मात्र परिपत्रक गप्प होतं, कारण बोर्डावर माती लावायचं कुणाच्या डोक्यात येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तरी रीतसर परवानगी घ्यावी म्हणून मकरंद स्वतः प्रिन्सिपल प्रियदर्शिनी मॅडमना भेटला. त्या सरळ पाठीच्या, मऊ आवाजाच्या बाई. त्यांचं ‘नाही’सुद्धा इतकं गोड असायचं की माणूस आभार मानून बाहेर यायचा आणि मग त्याला कळायचं.

“मिट्टी?” मॅडम म्हणाल्या. “मिट्टी तो साइंस कॉर्नर में आती है, फडतरे जी।”

“मॅडम, लेकिन यह फेस्टिवल की मिट्टी है।”

मॅडमनी चष्मा काढला. सायन्स कॉर्नर सांभाळणाऱ्या बाई भाच्याच्या लग्नाला ललितपूरला गेल्या होत्या. त्यांच्या परवानगीशिवाय माती आत येऊ शकत नव्हती. माळ्याचं म्हणणं पडलं की माती बागेची असेल तर त्याला विचारावं लागेल, बाहेरची असेल तर चौकीदाराला. चौकीदाराचं म्हणणं, त्याचं काम माणसं अडवायचं, माती नव्हे. शेवटी मकरंदने कारखान्याच्या पद्धतीने एक टिपण लिहिलं, त्यात बीज अंकुरण्याचा उल्लेख केला आणि किल्ल्याला ‘साइंस कम फेस्टिवल’ अशा नावाखाली मंजुरी मिळवली. एवढ्या मेहनतीत साताऱ्याला तीन किल्ले उभे राहिले असते.

एवढ्यात ही बातमी कॉलनीत पसरली. झाशीत मराठी माणसं मोजकी. त्यामुळे एकाच्या घरी काही निघालं की सगळ्यांना ते आपलंच वाटतं आणि सल्ला देणं हे कर्तव्य होऊन बसतं.

पहिले आले जनार्दनकाका. त्यांचे पूर्वज गुरसरायच्या जहागिरीत कारकून होते. काका सात पिढ्यांपासून इकडचे, पण मराठी अशी बोलतात की महाराष्ट्रात ती शोधून सापडायची नाही, आणि मधेच ती बुंदेली वळणावर जाते. त्यांनी ओसरीवर, म्हणजे आताच्या बाल्कनीत, बसून मातीची चिमूट दोन बोटांत चोळली आणि मान हलवली.

“ही माती भेगाळेल. हिच्यात शेण कालवा.”

“काका, शाळेचा वर्ग आहे.”

“तर काय झालं? आमच्या गुरसरायला देवघरसुद्धा शेणाने सारवत. अरे, सारवणाशिवाय भिंत कशी धरेल? आपण थोडकंच घाला. कुणास कळतंय!”

पुढचे आले सुभेदार खंडू जाधव. हे मूळचे फलटणकडचे, पोस्टिंग बबीन्याच्या छावणीत, मुलगा भूषण इराच्याच वर्गात. मकरंदने प्लायवूडवर पोतं ठोकून किल्ल्याचा कच्चा आराखडा काढला होता. सुभेदार त्याच्यापुढे हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले.

“साहेब, मेन गेट समोर घेतलंत?”

“हो. मुलांना दिसायला पाहिजे ना.”

“दुश्मनालाबी दिसतंय की. पोझिशन लई खराब. गेट वळणावर घ्या. आणि ह्यो बुरूज डेड ग्राउंड सोडतोय. हितनं कुणीबी वर यील.”

“सुभेदारसाहेब, यूकेजी आहे हो.”

“मंग तर पैलं वर यील,” सुभेदार म्हणाले. हे त्यांनी किती खरं सांगितलं ते पुढे कळलं.

मकरंदने दोघांचं ऐकलं. गेट वळवलं, बुरूज वाढवला आणि मेघनाचं लक्ष नसताना मातीत मूठभर, खरं तर दोन मुठी, शेण कालवलं. मग प्रश्न आला हिरवळीचा. किल्ल्यावर अळीव हवेतच. ओले झाले की अळीव चिकट होतात, त्यामुळे उभ्या पोत्यावरही धरून बसतील हा मकरंदचा शोध, आणि तो खरोखर हुशारीचा होता हे मान्य करायला हवं. फक्त घरातले अळीव मकरंदच्या आईने साताऱ्याहून लाडवांसाठी पाठवलेले होते.

“माझा डबा कुठे आहे?” मेघनाने दुसऱ्या दिवशी विचारलं.

“किल्ल्यावर,” मकरंद म्हणाला.

मेघनाने डोळे मिटले. मग तिने हिशेबीपणे विचारलं, “सगळे?” आणि उत्तर ऐकून ती कपडे वाळत घालायला निघून गेली. कपडे त्या दिवशी फार जोरात झटकले गेले.

मंगळवारी सुट्टी काढून किल्ला शाळेत न्यायचा होता. कारखान्याच्या रजेच्या संगणकावर कारण निवडावं लागतं: आजारपण, लग्न, मृत्यू, घरगुती अडचण. किल्ला त्यात नव्हता. मकरंदने थोडा विचार करून ‘घरगुती अडचण’ निवडलं आणि साहेबांनी फोन करून आस्थेने विचारलं, “सब ठीक है न घर में?” तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण एवढे का गुंतलो आहोत. पण मग त्याला इराचं न जेवलेलं ताट आठवलं.

किल्ला टेम्पोतून गेला. शाळेचा शिपाई रामसेवक दारात उभा राहून बघत होता.

“काए साब, जो का बना रए?”

“क़िला है, भैया। दिवाली का।”

“दिवारी में किलो?” रामसेवकने डोकं खाजवलं. “काए?”

मकरंदने तोंड उघडलं आणि मिटलं. खरंच, का? साताऱ्याला कुणी विचारत नसे. दिवाळी आली की पोरं माती आणायला पळत. का पळतात हे ना पोरांना माहीत ना त्यांच्या बापांना. “हमारे यहाँ बनाते हैं,” एवढंच तो म्हणाला. रामसेवकला तेवढ्याने चाललं, पण मकरंदला चाललं नाही. तो प्रश्न त्याच्या डोक्यात चिकटून बसला, अळीव पोत्याला बसले होते तसा.

बोर्डाच्या वर भिंतीत दोन हुक होते. मकरंदने त्यांना लोंबकळून पाहिलं, बोटाने वाजवून पाहिलं, रामसेवकला विचारलं की हे कधीचे. “हमाए आबे के पैलें के,” रामसेवक म्हणाला, म्हणजे तो इथे यायच्याही आधीचे. मकरंदने खिशातल्या कागदावर वजनाचं गणित केलं, त्याला तीनने गुणलं आणि समाधानाने कागद घडी करून ठेवला. किल्ला चढला. लांबून पाहिलं तर डोंगर भिंतीतून बाहेर आल्यासारखा दिसत होता. मेघनासुद्धा बघत राहिली आणि म्हणाली, “छान दिसतोय रे.” आठवडाभरातलं तिचं हे पहिलं गोड वाक्य होतं, आणि मकरंदचा जीव सुपाएवढा झाला.

मुलं आली. इरा पुढे, छाती काढून. कुशल जवळ गेला, मान तिरकी केली आणि म्हणाला, “इसमें सिपाही कहाँ हैं?”

“आएँगे,” इरा म्हणाली. “लड़ाई पर गए हैं।”

मावळे हवे होते. महाराजांची छोटी मूर्ती घरच्या शोकेसमध्ये होती; ती शनिवारी सकाळीच आणून गडावर बसवायची, आधी नको, असं मकरंदने ठरवलं होतं, आणि तेवढा एकच निर्णय शेवटपर्यंत शहाणपणाचा ठरला. पण मावळे झाशीच्या बाजारात मिळेनात. दुकानात मातीच्या ग्वालिनी होत्या, डोक्यावर दिवे घेतलेल्या. सॉफ्टटॉयच्या दुकानात अस्वलं होती. एका दुकानदाराने दोन फुटी वाघ दाखवून “क़िले में शेर तो रखते ही होंगे” असं पटवायचा प्रयत्न केला. शेवटी एका गल्लीत साखरेची खेळणी दिसली: पांढरेशुभ्र हत्ती, घोडे, उंट, लाह्या-बत्ताशांच्या, म्हणजे इकडच्या खील-बताशांच्या, ढिगाशेजारी रांगेत उभे. मकरंद हरखला. हे तर सैन्यच! तो दोन किलो सैन्य घेऊन घरी आला.

गुरुवारी सकाळी कणकेचे मोहरीएवढे चिमुकले गोळे लावून घोडदळ तटावर चढवण्यात आलं. हत्ती दरवाज्याशी. उंट कुठे ठेवावेत हे कळेना, म्हणून ते पाण्याच्या टाक्याजवळ. दुपारपर्यंत हत्तींच्या सोंडा गेल्या. मेघनाने वर्गाला विचारलं तेव्हा सगळे शांत होते. भूषणच्या गालावर मात्र साखरेची भुकटी होती. त्याने सांगितलं, “मैम, दुश्मन आया था।”

शुक्रवारी सकाळी दुसरा दुश्मन आला. मुंग्या. लाल, छोट्या, आणि सुभेदारांनी दाखवलेल्या त्याच डेड ग्राउंडवरून. रामसेवकने दार उघडलं तेव्हा खिडकीपासून बुरुजापर्यंत त्यांची अखंड फौज लागली होती आणि एकेक घोडा आतून पोखरला जात होता. मेघनाने मकरंदला फोन केला. मकरंदने जनार्दनकाकांना फोन केला. काका म्हणाले, हळद भुरभुरवा. मकरंदने अर्धी रजा टाकली, या वेळीही ‘घरगुती अडचण’च, आणि स्कूटरवरून हळदीचा पुडा घेऊन धावला. त्याच वेळी ऊन बोर्डावर आलं, ऊन लागताच शेण जागं झालं आणि नेमक्या त्याच क्षणी प्रियदर्शिनी मॅडम बोर्डांची पाहणी करत यूकेजीत आल्या.

मॅडम दारातच थांबल्या. पदराचं टोक नाकाशी नेलं. “मेघना जी, यहाँ कोई जानवर आया था?”

मेघनाने सावकाश मकरंदकडे पाहिलं. दोन मुठी शेणाचा उलगडा त्या एका नजरेत झाला. मकरंद हातात हळदीचा पुडा घेऊन पिवळ्या बोटांनी उभा होता. खोलीएवढाले ट्रान्सफॉर्मर ज्याच्या सहीवाचून हलत नाहीत तो माणूस.

“वह... पारंपरिक है, मॅडम,” तो म्हणाला.

मॅडम गोड हसल्या. “कल तक देख लीजिएगा,” एवढं म्हणून निघून गेल्या. मकरंदला वाटलं, सुटलो. ते ‘नाही’ होतं हे त्याला मॅडम जिन्यापर्यंत गेल्यावर कळलं.

मुलं मैदानावर प्रार्थनेला गेली होती. वर्गात मकरंद, मेघना आणि नेहमीप्रमाणे काही न विचारता येऊन पोचलेले सुभेदार एवढेच होते. मकरंद हळद टाकत असताना त्याला पोत्याचा स्पर्श वेगळा लागला. चिंब. इतकं चिंब की बोट लावलं तर पाणी यायचं.

“याला पाणी कोणी घातलं?”

“इरा म्हणाली, घास प्यासी आहे,” मेघनाने सांगितलं. “काल सगळ्यांनी आपापल्या बाटलीतलं उरलेलं पाणी घातलं. किती प्रेमाने करत होते! मी अडवलं नाही.”

तीसेक बाटल्या. मकरंदच्या गणितात माती होती, प्लायवूड होतं, पोतं होतं, हत्ती होते. बाटल्या नव्हत्या. तो मागे सरकला आणि तेवढ्यात भिंतीतून ‘टक्’ असा आवाज आला. सुभेदारांनी मेघनाला दंडाला धरून बाजूला ओढलं. एक हुक सुटला, मग दुसरा, आणि किल्ला उभ्या भिंतीवरून सावकाश, अगदी अदबीने, घसरत खाली आला आणि कोपऱ्यात धप्प करून बसला.

  मुलं आत असती तर, हा विचार मकरंदच्या मनात आला आणि तो खाली बाकावर बसला. बाक यूकेजीचं, त्यामुळे त्याचे गुडघे हनुवटीला लागले. किल्ल्याचं काही का होईना, कुणाला लागलं नाही, याचं त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने हळदीच्या बोटांनी पुसलं, त्यामुळे आणखी आलं.

मॅडम आवाज ऐकून परत आल्या. त्यांनी कोपरा पाहिला, भिंत पाहिली, पिवळ्या डोळ्यांचा मकरंद पाहिला. या वेळी त्या हसल्या नाहीत. बाजारातून छापील दिवाळी चार्ट आणून लावा आणि हे सगळं साफ करून घ्या, असं त्यांनी मेघनाला सांगितलं. मेघना “जी मैम” म्हणाली. तिचा चेहरा पाहून मकरंदला वाटलं, आपण जमिनीत जावं. आणि जमीन तर चिखलाने तयारच होती.

प्रार्थना संपून मुलं आली. इरा सगळ्यांत पुढे होती. तिने भिंतीकडे पाहिलं. तिथे नुसता रिकामा बोर्ड, वाकडा लटकलेला.  “पापा, अब सब फिर से झूठी बोलेंगे।”

 मकरंदने कुशलकडे पाहिलं, आता हा म्हणणार. पण कुशल भिंतीकडे बघतच नव्हता. तो कोपऱ्यापाशी उकिडवा बसला होता आणि मातीत हात कोपरापर्यंत गेला होता.

“गुफा है!” तो ओरडला. “इधर से गुफा बन रही है!”

पुढच्या क्षणी सगळा वर्ग तिथे होता. कुणी तट थापत होतं, कुणी घसरलेले अळीव उचलून पुन्हा चिकटवत होतं, भूषण उरलेला एक बिनसोंडेचा हत्ती वर चढवत होता. सुभेदार वाकून बघत होते. त्यांनी मान हलवली. “साहेब, आता खरा डोंगर झाला बघा. किल्ला जमिनीवर असतोय. आपण उगाच त्याला भिंतीवर टांगला.”

“हे मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते,” मेघना म्हणाली.

“मेघना जी, यह साफ होना चाहिए था,” मॅडम म्हणाल्या.

मकरंद उठला. बाकातून निघायला वेळ लागला, पण उठला. “मॅडम, सर्कुलर बोर्ड के बारे में है। बोर्ड ख़ाली है, वहाँ मेघना बच्चों के हाथों के ठप्पे लगाएगी, आज ही। फ़र्श के बारे में सर्कुलर में कुछ नहीं है।”

मॅडम विचारात पडल्या. फरशी रामसेवककडे येते की माळ्याकडे, की माती ओली आहे म्हणून पाण्याच्या टाकीवाल्याकडे? विचार करता करता त्यांच्याच पायाशी एका मुलीने आपल्या डब्यातला बताशा ठेवला आणि सांगितलं, “मैम, यह आपका घर।” मॅडमनी तो बताशा पाहिला. “सोमवार को सब साफ मिलना चाहिए,” त्या म्हणाल्या. सोमवारी शाळेला सुट्टी होती. हे त्यांना माहीत नसेल असं मकरंदला अजूनही वाटत नाही.

शनिवारी पालक आले. हुक काढलेले, बोर्ड हलका होऊन चिकटपट्टीने घट्ट बसलेला. वर निळ्या कागदावर तीसेक पिवळे तळवे, ज्योतींसारखे, खाली पणत्या, आणि पणत्यांच्या खाली फरशीवर खराखुरा डोंगर. त्यावर अळीव, वाकडे, भिंतीवर असताना वर वळलेले आणि आता आडवे झालेले. गडावर मकरंदने सकाळीच महाराजांची मूर्ती बसवली होती. शेजारी कुणीतरी एक ग्वालिन आणून ठेवली होती, डोक्यावर दिवा घेतलेली, आणि ती कुणीच हलवली नाही.

एक पालक हात मागे घेऊन उभे होते. कुशलचे वडील, कापडाचे व्यापारी. “भाईसाहब, सुंदर है। पर एक बात बताइए, दिवाली में क़िला क्यों?”

आला तो प्रश्न. सगळे वळले. मॅडमही. मकरंद तयारीत होता. जनार्दनकाकांकडून त्याने तीन कारणं पाठ केली होती, एक इतिहासाचं, एक पिकाचं, एक काकांच्या पणजोबांचं. त्याने घसा साफ केला. “देखिए, ऐसा है कि प्राचीन काल में...” आणि पुढचं सगळं विसरला.

“मैं बताऊँ?” इरा म्हणाली. “क्योंकि दिवाली में पापा की छुट्टी होती है।”

 मकरंदने खाली पाहिलं. साताऱ्याची गल्ली, मातीची टोपली, आणि शेजारी बसून बुरूज थापणारे स्वतःचे वडील त्याला एकदम आठवले. वर्षभर बाहेरगावी नोकरीला असायचे ते, दिवाळीतच काय ते सापडायचे. कारण तेवढंच होतं आणि ते कुणी सांगितलंच नव्हतं.

कुशल आपल्या वडिलांच्या सदऱ्याला धरून उभा होता. “पापा, आपकी भी छुट्टी है ना?” त्याने विचारलं, आणि कापडाच्या व्यापाऱ्याने, ज्याची दिवाळीत मुळीच सुट्टी नसते, काहीतरी पुटपुटत मान हलवली.

मग कुशल इराकडे वळला. “तू झूठी नहीं है,” तो म्हणाला. “पर क़िला मेरा बड़ा बनेगा।”

त्या दिवाळीत प्रेम नगरात ठिकठिकाणी किल्ले झाले. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी कुशलच्या वडिलांचा फोन आला. त्यांनी किल्ला गच्चीच्या कठड्यावर चढवायचं ठरवलं होतं, उंच दिसावा म्हणून, आणि आता काही ठीक वाटत नव्हतं. मकरंदने फोन ठेवला, मेजरिंग टेप खिशात घातला आणि चेहऱ्यावर तो भाव आणला, जो गेले आठ दिवस त्याने इतरांच्या चेहऱ्यांवर पाहिला होता.

“मी जरा जाऊन सांगून येतो,” तो मेघनाला म्हणाला. “अनुभवी माणूस लागतो अशा वेळी.”

मेघना लाडवांच्या रिकाम्या डब्याकडे बघून हसली. इरा चपला घालून आधीच जिन्यात उभी होती. बापाने तिचा हात धरला तेव्हा ती गंभीरपणे वर बघून म्हणाली, आणि या वेळी मराठीत म्हणाली:

“बाबा, त्यांना सांग. खाली बनवायचा असतो.”